मदत हवी आहे: लाइपझिगमध्ये आनमेल्डुंगशिवाय (पत्त्याच्या सरकारी नोंदणीशिवाय) खोली घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरपासून वर्षभर जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात शिकायला चाललेय, एक्सचेंजवर. श्पेरकोंटोत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते त्या खात्यात, ११,९०४ युरो भरून झाले, व्हिसा हातात आला (मार्चअखेरपर्यंतचा, पुढचा राहण्याचा परवाना तिथे गेल्यावर काढायचा). घोडं अडलंय ते खोलीपाशी.

एक खोली मिळतेय वेगेत, म्हणजे चौघांनी मिळून घेतलेल्या घरात. विद्यापीठ सायकलने दहा मिनिटांवर, काल्ट भाडं (हीटिंग वगैरे खर्च सोडून) ३३० युरो. तिथला मुलगा सेमिस्टरभर बाहेर जातोय, म्हणून मार्चपर्यंत स्वतःची खोली देतोय. व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं, बोलायला बरा वाटला. पण आनमेल्डुंगचं विचारल्यावर म्हणाला, ते जमणार नाही, तसंही कोण बघतंय! शिवाय ९९० युरो डिपॉझिट एकरकमी हवंय, किल्ली मिळायच्या आधी.

दुसरी खोली श्टुडिरेन्डनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या संस्थेच्या, हॉस्टेलात. तिथे नोंदणीचा कागद मिळेल, पण ती १ नोव्हेंबरपासून आणि शहराच्या पार टोकाला.

खरं सांगायचं तर जीव वेगेत अडकलाय. माझं जर्मन जेमतेम बी-१, म्हणजे मध्यम पातळीचं, आणि व्याख्यानं जर्मनमध्ये. घरात बोलणारी माणसं असतील तर भाषा सुटेल असं वाटतं. गेला महिनाभर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या टेबलाशी बसून मी मनातल्या मनात गप्पा मारतेय. (क्रियापद शेवटी टाकायची वेळ आली की मनातही अडखळते, ते सोडा.)

नोंदणी नसली तर नेमकं काय अडतं? आणि हॉस्टेलच घ्यायचं तर ऑक्टोबर कुठे काढू?

प्रतिसाद

ते टेबल विसर.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते आणि तिला घर देणाऱ्याच्या सहीचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तू तिथे राहतेस असं पत्र, लागतं. ते देणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तरी नाही म्हणतोय, म्हणजे बहुधा मूळ मालकाला न विचारताच खोली देतोय. उद्या मालकाला कळलं तर भर थंडीत तू बॅगा घेऊन बाहेर.

परदेशी नागरिकांचं कार्यालय कुठलं ते पत्त्यावरून ठरतं, त्यामुळे नोंदणीशिवाय परवान्याचं काम पुढे सरकत नाही. बऱ्याच बँकाही नोंदणीचा दाखला मागतात. चालू खातंच नसेल तर श्पेरकोंटोतले दरमहा ९९२ युरो येणार कुठे?

डिपॉझिटचं म्हणशील तर तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकं मागता येतं, तो आकडा त्याने बरोबर बसवलाय. पण ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला असतो आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना. किल्लीआधी एक युरोही पाठवू नकोस.

धागाकर्ती

बाप रे. पण नोव्हेंबरात नोंदणी केली तर परवान्याला उशीर नाही ना होणार?

प्रतिसाद

नाही होणार. फक्त अर्ज व्हिसा संपायच्या आत पडला पाहिजे. मग निर्णय येईपर्यंत कायदेशीर राहता येतं आणि तसं प्रमाणपत्र मिळतं, फिक्शन्सबेशायनिगुंग. नाव ऐकून मला वाटलं होतं माझं कागदोपत्री अस्तित्वच काल्पनिक ठरवतायत!

सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण व्याख्यानं महिन्याच्या मध्यावर. ओरिएंटेशनच्या तारखा आधी बघ. १ तारखेला पोचायची गरज नसेल तर प्रश्न दोन-तीन आठवड्यांचाच उरतो. तेवढ्यापुरतं इंटरनॅशनल ऑफिसला विचार, किंवा सरळ प्रवाशांचं स्वस्त होस्टेल. आणि जर्मनसाठी टँडेम जोडीदार शोध: तू त्याला मराठी शिकव, तो तुझी क्रियापदं जागेवर आणेल.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. हॉस्टेलचा करार सही करून पाठवला आणि त्या मुलाला नकार कळवला. पाच मिनिटांत त्याचा मेसेज: डिपॉझिट ५०० दिलं तरी चालेल. आनमेल्डुंगबद्दल चकार शब्द नाही.