चौदा पुस्तकं, सुरू करू का नको?

मी: मंडळी सल्ला हवाय. ती व्हील ऑफ टाइम नावाची इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांची मालिका कुणी पूर्ण वाचलीये का? १४ पुस्तकं आहेत, वर आधीची गोष्ट सांगणारं एक वेगळं, म्हणजे १५. दोन आठवडे झाले, सुरू करू का नको तेच ठरत नाहीये

मामा: तेवढ्यात एक वाचून झालं असतं

ताई: अजिबात हात लावू नकोस. मी दहाव्यापर्यंत जाऊन सोडलंय, कायमचं. नवव्याच्या शेवटी एवढं मोठं काहीतरी घडतं की मी रात्री दोनपर्यंत जागले, आणि दहाव्यात काय तर बाकीची सगळी पात्रं तेच लांबून बघतायत आणि हे काय झालं असेल बुवा म्हणतायत. पानंच्या पानं तेच!! वर कुणी कुठला ड्रेस घातलाय, चहा कसा होता, आणि ती एक बाई चिडली की वेणी ओढते, सारखी वेणी ओढते, मला वाटलं तुटणार आता

मामी: 😂 वेणी खरंय

दादा: दहावं वाईट आहे हे मान्य, त्यावर भांडणारच नाही मी. पण हिने नेमकं चुकीच्या ठिकाणी सोडलं. अकरावं एकदम पळतं, त्यात दोन-तीन जुने धागे असे फटाफट सुटतात की आपलेच तीन पुस्तकांचे कष्ट वसूल झाल्यासारखं वाटतं. दहावं आलं २००३ ला आणि अकरावं २००५ ला, तेव्हाच्या वाचकांनी दोन वर्षांच्या वर कशी काढली असतील, आपल्याला तर लगेच पुढचं उघडता येतं

मावशी: पण लेखक वारले ना मधेच? मग शेवट कोणी केला

दादा: हो मावशी, रॉबर्ट जॉर्डन २००७ ला गेले. पण आजारपणातच त्यांनी टिपणं करून ठेवली होती, काही प्रसंग तोंडी सांगून ठेवले होते, आणि अगदी शेवटचा प्रसंग तर लिहूनच ठेवलेला. त्यांची बायको हॅरिएट हीच त्यांची संपादक होती, तिने ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाला निवडलं. एक पुस्तक उरलंय म्हणता म्हणता त्याची तीन झाली, २००९, २०१० आणि शेवटचं २०१३. माणूस बदलल्याचं जाणवतं, विनोद थोडे फसतात, एक पात्र तर मला पहिल्यांदा ओळखूच आलं नाही. पण गोष्ट पूर्ण होते

मामा: हा मुद्दा मोठा आहे. मी त्या गेम ऑफ थ्रोन्सच्या पुस्तकांत अडकलोय, पाचवं २०११ ला आलं, सहाव्याची वाट बघतोय. आता कोण कुठे होतं तेही आठवत नाही

मी: वेळ किती जाईल पण? खरं सांगा

दादा: सगळी मिळून साधारण ४४ लाख शब्द. मिनिटाला २०० शब्द धर, म्हणजे रोज एक तास, एकही खाडा न करता, एक वर्ष

मी: बाप रे

मामी: मी ऐकलंय, ऑडिओवर, साडेचारशे तासांच्या वर जातं पण कामं करताना कळत नाही. वाचणारे दोघं आहेत, बाईच्या नजरेतून प्रकरण असेल तर ती वाचते, पुरुषाच्या असेल तर तो, आणि ते खरंच नवराबायको आहेत. शिवाय नावं कशी उच्चारायची ते आयतं कळतं. छापील वाचणारे एकेका नावाची जी काय वाट लावतात 😄

मावशी: ते नावातलं कालचक्र म्हणजे आपल्या युगांसारखंच का

मामी: बरंचसं तसंच, फक्त ह्यात सात युगं आहेत आणि चक्र फिरत राहतं. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं प्रकरण एकाच पद्धतीने सुरू होतं, कुठेतरी वारा सुटतो आणि तो वाहत वाहत गोष्टीपर्यंत येतो. चौदाच्या चौदा वेळा. मला तर नंतर नंतर त्या वाऱ्याचीच वाट बघायची सवय लागली

मामा: त्यावर मालिका आलीये ना, ती बघ आणि मोकळा हो

ताई: मामा ती तीन सीझन करून २०२५ मध्ये बंद केली. शिवाय पुस्तकापेक्षा बरंच बदललंय

दादा: हे बघ, तू १४ चा हिशोबच करू नकोस. पहिल्या पुस्तकावरून तर काहीच ठरवू नकोस, ते मुद्दाम ओळखीचं वाटेल असं लिहिलंय, खेड्यातली पोरं, रात्री हल्ला, एक गूढ बाई येऊन त्यांना घेऊन जाते, तुला वाटेल हे तर आपण वाचलंय. चौथ्यापर्यंत जा. त्यात एक पोरगा एका जागेतून चालत जातो आणि प्रत्येक पावलागणिक आपल्याच पूर्वजांच्या डोळ्यांनी आणखी मागचं मागचं बघत जातो. ते प्रकरण वाचून अंगावर काटा आला नाही तर खुशाल सोड, पुढचं तुझ्यासाठी नाहीच. आला तर मात्र दहावंही सहन करशील, शिव्या घालत का होईना

ताई: ते प्रकरण भारी आहे हे मात्र खरं

दादा: आणि सलग वाच, मधे सहा महिने गॅप घेतलास तर संपलास, नावं असलेली पात्रंच दोन हजारांच्या वर आहेत

मामा: एवढे लोक तर आपल्या लग्नांनाही येत नाहीत

मी: ठीक, चौथ्यापर्यंत जातो. त्यापुढचं नंतर बघू

दादा: शाब्बास. फक्त विकी उघडू नकोस. कोण कुठला आठवत नसेल तर पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ती बघ

मी: उघडलं ना मगाशीच. एका नावाचा उच्चार बघायला गेलो आणि पहिल्याच ओळीत कळलं की तो शेवटच्या पुस्तकात

ताई: ए थांब!! पुढे टाइप करू नकोस

मी: का? तू तर कायमचं सोडलंयस ना

ताई: पाचशेव्या पानावर खूण आहे माझी