आम्लपित्तात लाळ वाढवण्याचा उपाय: कवळी आणि मधुमेह असेल तर काय करावे?

जुई_सांगली
नमस्कार. माझ्या आईचे वय ६८ आहे. गेली दोन वर्षे तिला छातीत जळजळ होते, करपट ढेकर येतात आणि कधीकधी आंबट पाणी घशाशी येते. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी सुरू असल्यामुळे दिवस बरा जातो. पण रात्रीच्या जेवणानंतर तासाभरात जळजळ सुरू होते आणि दीड-दोनच्या सुमारास ती उठून बसते. त्या वेळी तोंड इतके कोरडे पडलेले असते की जीभ टाळूला चिकटते, आणि उशाशी ठेवलेल्या तांब्यातले दोन घोट घेतल्याशिवाय तिला शब्द फुटत नाही.

एका नातेवाइकांनी सांगितले की जेवणानंतर अर्धा तास च्युइंगम चघळले की लाळ सुटते आणि जळजळ थांबते. आईला वरची-खालची पूर्ण कवळी आहे, त्यामुळे च्युइंगम तिला चिकटते. मधुमेह असल्याने गोळ्या-चॉकलेट देता येत नाहीत. लिंबाची फोड चोखून पाहिली, तर लाळ सुटली पण जळजळ वाढली. लाळेचा खरोखर उपयोग होतो का, आणि होत असेल तर आईसारख्या व्यक्तीने ती कशी वाढवावी? तिच्या इतर औषधांत मधुमेहाची गोळी आणि पायांची आग होते म्हणून रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिन ही गोळी आहे.

दंतवैद्य_रत्नागिरी
जुईताई, उपयोग होतो, आणि तो का होतो हे कळले की आईंसाठी काय योग्य आहे हे ठरवणेही सोपे जाईल.

जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढले की शरीर ते दोन टप्प्यांत दूर करते. पहिल्या टप्प्यात गिळण्याबरोबर अन्ननलिकेत आकुंचनाची लाट येते आणि आम्लाचा बहुतेक भाग खाली ढकलला जातो. तरीही नळीच्या अस्तराला आम्लाचा पातळ थर चिकटून राहतो आणि जळजळ चालूच राहते. तो थर दुसऱ्या टप्प्यात लाळ निष्प्रभ करते, कारण लाळेत बायकार्बोनेट असते, म्हणजे खाण्याच्या सोड्यातला जो आम्लनाशक घटक तोच. १९८४ साली अमेरिकेत हेल्म, डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींच्या अन्ननलिकेत १५ मिलिलिटर आम्ल सोडून हे दाखवून दिले. एक-दोन आकुंचनांत जवळजवळ सगळे आम्ल खाली गेले होते, पण नळीची आम्लता मात्र पुढच्या प्रत्येक गिळण्याबरोबर पायरी-पायरीने उतरत गेली. आणि तोंडातली लाळ बाहेर ओढून घेतली तेव्हा गिळूनही ती उतरेना.

आपल्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. स्वस्थ बसलेले असताना ती मिनिटाला एक तृतीयांश मिलिलिटरच्या आसपास असते. चघळू लागलो की कित्येक पटींनी वाढते, आणि प्रवाह वाढतो तसे तिच्यातले बायकार्बोनेटही वाढते. म्हणजे सुटलेली लाळ नुसती जास्त नसते, तर अधिक गुणकारीही असते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २००५ साली ३१ जणांना मुद्दाम जळजळ करणारे जेवण देऊन एकदा अर्धा तास बिनसाखरेचे च्युइंगम चघळायला दिले आणि एकदा दिले नाही. च्युइंगमच्या दिवशी अन्ननलिका आम्लात राहण्याचा काळ स्पष्टपणे कमी भरला.

आता आईंविषयी. लिंबाने लाळ सुटते हे खरे, पण दुखावलेल्या अन्ननलिकेवर आपण आणखी आम्लच ओततो. आवळासुपारीचेही तेच, शिवाय बाजारच्या आवळ्यात साखर असते. कोरड्या तोंडासाठी औषधाच्या दुकानात झायलिटॉलच्या, म्हणजे साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थाच्या, बिनसाखरेच्या गोळ्या मिळतात. त्यातली एक जेवणानंतर गालात धरून हळूहळू विरघळू द्यावी आणि सुटलेली लाळ न थुंकता गिळावी. पुदिन्याच्या चवीची गोळी घेऊ नये, कारण पुदिन्याने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडू शकते. दिवसात दोन-तीन गोळ्या पुरेत. जास्त झाल्या तर पोट फुगते आणि जुलाब होतात. गोळी तोंडात ठेवून झोपणे मात्र धोक्याचे आहे, ती श्वासनलिकेत अडकू शकते. बडीशेप चालते, पण कवळीखाली तिचा एखादा दाणा शिरला तर हिरडी सोलवटते, म्हणून ती पूड करून द्यावी.

कवळी सैल असेल तर आधी ती नीट करून घ्या. अशी माणसे घास धड चावत नाहीत, आणि जेवताना नीट चावणे हाच लाळेचा पहिला आणि फुकटचा उपाय आहे.

सह्यवासी
डॉक्टरांनी सगळे सांगितलेच आहे, पण मी केलेली एक चूक लिहितो, कारण ती आपल्याकडे घरोघरी होते. मला जेवणानंतर सुपारीचे खांड तोंडात धरण्याची सवय होती. सुपारीने भरपूर लाळ सुटते आणि जळजळ खरोखर निवते, म्हणून पंधरा वर्षे मी तिला औषध समजत होतो. पुढे तोंड पूर्ण उघडेना, तिखट झोंबू लागले आणि गालाच्या आतली त्वचा दोरीसारखी ताठ झाली. तपासणीत तोंडाच्या कर्करोगाची पूर्वावस्था निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. आईंना लाळेसाठी कोणी सुपारी सुचवली तर कृपया हात जोडून नकार द्या.

रात्रीच्या त्रासाला मला खरा गुण आला तो झोपण्याच्या पद्धतीने. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा घालून ती बाजू सहा-सात इंच उचलली. नुसत्या उशा वाढवल्या होत्या तेव्हा पोट दुमडून त्रास वाढलाच होता. शिवाय डाव्या कुशीवर झोपतो. आपल्याकडचा वामकुक्षी हा शब्द मुळात डाव्या कुशीवर कलंडण्यासाठीच आहे. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहते. मात्र आम्लपित्त असलेल्याने वामकुक्षी ताटावरून उठल्याउठल्या घेऊ नये.

औषधनिर्माता
जुईताई, आपण शेवटच्या ओळीत सहज लिहिलेल्या गोळीकडे मला लक्ष वेधायचे आहे. अमिट्रिप्टिलिन लाळग्रंथींना मिळणारा संदेश अडवते, म्हणून तिने तोंड कोरडे पडते. आणि त्याच गुणामुळे अन्ननलिकेची झडपही सैल होऊ शकते. म्हणजे आम्ल वर चढण्याची वाटही मोकळी आणि ते निववणारी लाळही आटलेली, अशी दुहेरी अडचण होते. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या आणि वारंवार लघवीवरची काही औषधेही असाच परिणाम करतात. त्यात झोपेत लाळ मुळातच जवळजवळ थांबते, गिळणे फार कमी होते आणि आडवे असल्याने आम्ल आपोआप खालीही उतरत नाही. संध्याकाळी घेतलेली चघळण्याची गोळी रात्री दोन वाजता कामाला येत नाही ती यामुळेच.

ही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना भेटून रात्रीची जळजळ आणि कोरडे तोंड या दोन्ही तक्रारी एकत्र सांगाव्यात. मात्रा कमी करता येते, किंवा पायांच्या आगीसाठी लाळ कमी आटवणारे दुसरे औषध देता येते. साखरही तपासून घ्यावी, कारण ती चढलेली असेल तरी तोंड सुकते. दुकानात कृत्रिम लाळेचे जेल मिळते. त्याने तोंडाला ओलावा येतो, पण खऱ्या लाळेचे आम्ल निववण्याचे काम त्याच्याकडून होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

घास अडकू लागला, वजन उतरू लागले, उलटीत रक्त दिसले किंवा शौचाला काळे झाले, तर घरगुती उपाय सोडून लगेच पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. आणि छातीतली जळजळ चालताना किंवा जिना चढताना होत असेल, तर मधुमेही व्यक्तीने ती आम्लपित्ताची आहे असे गृहीत न धरता आधी हृदय तपासून घ्यावे.

जुई_सांगली
सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. हृदयाची तपासणी व्यवस्थित आली. डॉक्टरांनी आईची रात्रीची गोळी निम्मी केली. आता ती साडेसातला जेवते, अर्धा तास झायलिटॉलची गोळी गालात धरून अंगणात शतपावली करते आणि साडेदहाच्या आत आडवी होत नाही. पलंगाखाली विटा घातल्या आहेत. गेल्या आठवड्यात ती जळजळीने दोनदाच उठली. पूर्वी रोज उठायची. पायांची आग मात्र थोडी वाढली आहे, त्यासाठी सोमवारी पुन्हा दाखवणार आहोत.

दंतवैद्य डॉक्टरांना एक विचारायचे होते. आई रात्री कवळी काढत नाही. त्याने लाळेवर काही फरक पडतो का?

दंतवैद्य_रत्नागिरी
लाळेवर फारसा नाही, पण कोरड्या तोंडात रात्रभर बसलेल्या कवळीखाली बुरशी वाढते, आणि मधुमेहात तर लवकर वाढते. झोपताना कवळी काढून, मऊ ब्रशने घासून, पाण्याच्या वाटीत ठेवायला सांगा. कवळी काढल्यावर टाळूवर लाल चट्टा किंवा पुसले जाणारे पांढरे डाग दिसतात का, हे दिवसाउजेडी पाहा. दिसले तर सोमवारी त्याच फेरीत दातांच्या डॉक्टरांनाही दाखवून या.