जीएनएमवाल्यांनाही एनक्लेक्सचा रस्ता आहे

एका ताईंनी आपल्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या बहिणीसाठी अमेरिकेच्या एनक्लेक्स-आरएनबद्दल, म्हणजे तिथल्या नर्सच्या परवान्यासाठीच्या परीक्षेबद्दल विचारलं. त्यावर कुणी म्हटलं, 'जीएनएम झालेल्यांना ती देताच येत नाही, बीएस्सी नर्सिंगच हवं.' हे म्हणणं सरसकट बरोबर नाही. परवाना देतं त्या-त्या राज्याचं नर्सिंग बोर्ड आणि नियमही त्याचेच. मुख्यतः पाहिलं जातं ते मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार या विषयांतलं थिअरी आणि क्लिनिकल शिक्षण. मानसोपचाराचे क्लिनिकल तास कमी भरले तर अर्ज अडू शकतो, म्हणून ट्रान्सक्रिप्टमध्ये (कॉलेजच्या विषय-तासांच्या अधिकृत नोंदीत) ते आधी तपासा. त्यामुळे ताईंनी बहिणीला निराश करू नये, आधी राज्य निवडावं.

खरा वेळ कागदपत्रांत जातो. सीजीएफएनएस (आताचं नाव ट्रूमेरिट) या परदेशी नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थेकडून मूल्यमापन करायचं असेल तर कॉलेज आणि आपली नर्सिंग कौन्सिल यांच्याकडून कागद थेट तिकडे जावे लागतात, आपण पाठवलेली प्रत चालत नाही. आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट आणि परीक्षेची नोंदणी यांतलं नाव तंतोतंत जुळवा. आपल्याकडे मुली इथेच अडकतात, फार वाईट वाटतं.

परीक्षा संगणकावर, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ ५ तास. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. ८५ वर बंद पडली म्हणून घाबरू नका, निर्णय पक्का झाला की ती थांबते, पास असो वा नापास. नापास झाल्यास साधारण ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

बहिणीने कुठलं राज्य ठरवलंय?