ऑनलाइन गेममध्ये नवीन आलेल्याला "स्टोरी स्किप कर" असं सांगणं आपण थांबवावं, असं मला वाटतं

उशिरा लॉगिन

परवा आमच्या फायनल फॅन्टसी १४ च्या ग्रुपमध्ये एक नवीन मुलगा आला, त्याने विचारलं कुठून सुरुवात करू, आणि पाच मिनिटांत सात-आठ जणांचं एकच उत्तर, स्टोरी स्किप (गोष्ट गाळून थेट पुढे नेणारी विकतची सोय) घे, बूस्ट (पात्राची लेव्हल एकदम वर नेणारी) घे, खरा गेम एन्डगेमलाच, म्हणजे गोष्ट संपल्यावरच्या अवघड लढायांतच, सुरू होतो. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट लिहितो, थोडं लांबेल.

माझ्या धाकट्या भावाला हाच सल्ला मी स्वतः दिला होता. मी तेव्हा दर आठवड्याला रेड (अनेकांनी मिळून मोठ्या बॉसशी लढायचं) करायचो आणि तो सोबत असावा असं फार वाटायचं, म्हणून बूस्टही घेऊन दिला आणि स्टोरी स्किपही. पहिल्याच दिवशी त्याच्या स्क्रीनवर पंचवीस-तीस बटणं, एकाचाही अर्थ माहीत नाही. तरी पोरगा हुशार, दोन आठवड्यांत आमच्याबरोबर बॉससमोर उभा राहिला. त्या लढाईच्या मध्ये एक जुनं पात्र परत येतं, चार वाक्यं बोलतं. आमच्या पार्टीतले सगळे माईकवर एकदम गप्प झाले, आणि भाऊ विचारतो, "दादा, हा कोण?" मी सांगायला गेलो तर सांगता येईना, कारण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतंच, आम्ही सगळे त्या पात्राबरोबर शंभर तास हिंडलो होतो म्हणून ते आम्हाला लागलं. महिन्याभरात त्याने गेम सोडला. म्हणाला, सगळे कशाबद्दल बोलतात तेच कळत नाही. यात गेमची चूक नाही, सल्ला माझा होता.

फायनल फॅन्टसी १४ घ्या. २०१३ च्या अ रेल्म रीबॉर्नपासून २०२१ च्या एन्डवॉकरपर्यंत ती एकच सलग गोष्ट आहे. त्यातल्या शॅडोब्रिंगर्स या भागाची लोक इतकी तारीफ करतात, पण तिथे जे अंगावर येतं त्याचं अर्धं बी आधीच्या तीन भागांत पेरलेलं आहे. ते गाळून थेट तिथे गेलात तर कटसीन (गोष्टीचा चित्रपटासारखा प्रसंग) दिसेल, पण पोटात काही हलणार नाही.

रोज एक तास

भावाचं वाचून वाईट वाटलं, पण मी पूर्ण उलट बाजूचा आहे.

मला दिवसाला एक तास मिळतो, कधी तोही नाही. माझे तीन मित्र पुढे एन्डगेमला आहेत आणि मी गेम घेतला तो त्यांच्याबरोबर खेळायला. अ रेल्म रीबॉर्न संपवून पुढच्या भागाला, हेवन्सवर्डला, पोचेपर्यंत मधल्या पॅचच्या (अपडेटच्या) क्वेस्टची, म्हणजे छोट्या कामगिऱ्यांची, जी रांग आहे, इथून निरोप घेऊन तिथे जा, तिथून परत ये, तिसऱ्याशी बोल, ती ज्याने केलीय त्याला विचारा. बनवणाऱ्यांनाच ते कळलं ना, २०२० च्या ऑगस्टमध्ये ५.३ पॅचला त्यांनी त्या भागातल्या बऱ्याच क्वेस्ट काढून टाकल्या. गोष्टीतला शब्दन् शब्द जरुरी असता तर कात्री लावली असती का? माझ्या वेगाने मित्रांपर्यंत पोचायला एक वर्ष गेलं असतं, आणि वर्षभर मित्र थांबत नाहीत हो, ते दुसऱ्या गेमला जातात.

मी स्किप घेतला. दोन वर्षं झाली, अजून खेळतोय, त्याच तिघांबरोबर.

हीलर मेन

एक गोष्ट आधी वेगळी करा, नाहीतर सगळे वेगवेगळ्या विषयावर भांडतील. बूस्ट आणि स्टोरी स्किप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फायनल फॅन्टसी १४ मध्ये तर त्या विकतही वेगवेगळ्या मिळतात. बूस्ट तुमचा जॉब (पात्राचं लढायचं कौशल्य) वर नेतो, स्किप गोष्ट पुढे ढकलतो. पार्टीला त्रास होतो तो बूस्टचा, कारण वीस लेव्हलला आलेलं बटण पन्नासपर्यंत हाताला बसतं, मग पुढचं येतं. ते सगळं एका दिवसात अंगावर आलं की माणूस बॉसकडे बघणार की बटणांकडे?

पण गोष्टसुद्धा शिकवते हं. मुख्य कथेतली डंजन्स (छोट्या गटाने पार करायच्या लढायांच्या जागा) क्रमाने येतात, आधी जमिनीवरचा केशरी गोल दाखवतात, मग एकत्र उभं राहायची खूण, मग लांब पळायची. मला हील करताना (बाकीच्यांना बरं करताना) कळतं कोण हे टप्प्याटप्प्याने शिकून आलंय आणि कोण थेट वर आलंय. मी कोणावर चिडत नाही, वाईप झाला (सगळे मेले) तर परत करू, पण तो माणूस स्वतःच इतका ओशाळतो की पुढच्या वेळी पार्टीत यायलाच घाबरतो, आणि ते मला बघवत नाही.

रोज एक तास

बूस्टबद्दल मान्य. मी बूस्ट घेतला नव्हता, जॉब हातानेच वर नेला. फक्त गोष्ट स्किप केली. म्हणून तर म्हणतो, गोष्ट न बघता नीट खेळता येतं.

प्रेटोरियमचा साक्षीदार

स्किपच्या बाजूने बोलणाऱ्यांना कदाचित माहीत नसेल, आधी काय व्हायचं. अ रेल्म रीबॉर्नच्या शेवटी कॅस्ट्रम आणि प्रेटोरियम ही दोन आठ जणांची डंजन्स होती. जुने खेळाडू रोजच्या बक्षिसासाठी यायचे, कटसीन स्किप करून पुढे पळायचे. नवीन माणूस, ज्याच्यासाठी तो प्रसंग लिहिला होता, तो कटसीन बघून बाहेर यायचा तर बॉस मेलेला, दार उघडं, बाकीचे दोन खोल्या पुढे. चॅटमध्ये कोणीतरी "स्किप प्लीज" लिहिलेलं. शेकडो तास ज्याच्यासाठी घालवले तो शेवट त्याने रिकाम्या खोलीतून धावत धावत बघितला. माझा शेवट मी असाच बघितला, अजून सलतं.

मग कटसीन स्किपच होणार नाहीत असं केलं. तर जुने लोक जेवायला उठून जायचे, कोणी फोनवर काही बघत बसायचं, आणि नवीन माणसाला अपराधी वाटायचं ते वाटायचंच. शेवटी २०२२ च्या एप्रिलमध्ये ६.१ पॅचला ती दोन्ही चार जणांची केली, शेवटची मोठी लढाई वेगळी काढली, आणि सुरुवातीच्या भागातली मुख्य कथेची डंजन्स संगणकाच्या पात्रांना घेऊन एकट्याने करायची सोय दिली. नवीन माणसाला आता निवांत थांबून बघता येतं, कोणी खोळंबत नाही. "स्किप कर" हे आपण घाईने म्हणायचो तेव्हा घाई आपली होती, त्याची नव्हती.

चौथी भाषा

माझा मुद्दा कोणीच मांडला नाही म्हणून लिहिते. या गेमचे आवाज आणि मजकूर चार भाषांत आहेत, जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन. माझी त्यातली एकही नाही. मोठे प्रसंग सोडले तर बहुतेक संवाद बिनआवाजाचे, नुसता मजकूर, आणि त्यातही काही पात्रं जुनाट वळणाची इंग्रजी बोलतात, दर तिसरा शब्द अडतो. तुम्ही दहा मिनिटांत वाचता ते मला पाऊण तास लागतं आणि डोकं दुखतं ते वेगळंच. ज्यांना वाचायचीच अडचण आहे, अक्षरं नाचतात, त्यांचं तर विचारूच नका. मला लढाई समजते, तिला भाषा लागत नाही. मी कटसीन बघते, मजकूर पुढे ढकलते आणि नंतर सारांश वाचते. यावर कोणी "तू खरा गेम खेळलीच नाहीस" म्हणालं की फार लागतं.

उशिरा लॉगिन

ताई, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. माझा राग स्किप करणाऱ्यावर अजिबात नाही, न विचारता स्किप करायला लावणाऱ्यावर आहे. तुम्ही स्वतः ठरवलंत, माझ्या भावाचं मी ठरवलं.

जुना गिल्डमास्टर

"नंतर निवांत बघू" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की नंतर ते असेलच असं नाही. डेस्टिनी २ या दुसऱ्या गेमची पहिली मोठी मोहीम, रेड वॉर, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गेममधून काढूनच टाकली. गिल्ड वॉर्स २ या गेममधल्या लिव्हिंग वर्ल्ड या गोष्टीचा पहिला सीझन २०१३-१४ मध्ये येऊन गेला तो गेलाच, परत खेळता यायला २०२२ उजाडलं. फायनल फॅन्टसी १४ मध्ये निदान सरायच्या खोलीतल्या पुस्तकातून जुने कटसीन बघता येतात आणि न्यू गेम प्लसमधून क्वेस्टही परत करता येतात, पण शेवट माहीत झाल्यावर मागे जाऊन सुरुवात वाचणारे किती?

रोज एक तास

मी गेलो. गेल्या हिवाळ्यात न्यू गेम प्लसमधून हेवन्सवर्ड केलं, रोज एकेक क्वेस्ट. कोण मरणार ते आधीच कळलेलं होतं, तरी रडलो. त्या वेळी मित्रही माझ्याबरोबर होते, स्किप केला नसता तर ते नसते.

आणि दोष गेमच्या रचनेचा आहे असं मला अजूनही वाटतं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन या गेमने २०१६ मध्ये वन तमरिएल नावाच्या बदलातून सगळी लेव्हल बरोबरीला आणली, नवीन आणि जुना पहिल्या दिवसापासून एकत्र हिंडतात, कोणाला काही स्किप करावं लागत नाही.

जुना गिल्डमास्टर

आणि तिथे गोष्टी वाटेल त्या क्रमाने घडतात, आज भेटलेला माणूस तुला जुना मित्र म्हणतो आणि तुझी त्याची ओळख पुढच्या महिन्यात होते. वॉरक्राफ्टनेही २०२० ला लेव्हल १२० वरून ५० ला आणून एकच एक्स्पान्शन (गेमचा नंतर आलेला मोठा भाग) करून वर जायची वाट दिली. वेळ वाचला हे खरं, पण नवीन पोरं ताज्या भागात आली की राजाराणी कोण आणि भांडण कशाचं हेच त्यांना विचारावं लागतं. सगळं एकदम मिळत नाही रे.

लेव्हल बत्तीस

ज्याच्यावरून हे सुरू झालं तो नवीन मुलगा मीच. सगळं वाचलं. मी अजून काही विकत घेतलेलं नाही. माझे मित्र या गेममध्ये कोणी नाहीत, एकटाच आलोय, त्यामुळे घाई नाही. फक्त नकाशावर इतक्या क्वेस्ट दिसतात की यातलं गोष्टीचं कुठलं तेच कळत नाही, सगळ्या करत बसलोय.

हीलर मेन

अरे, सगळ्या नको करूस! ज्यावर धूमकेतूसारखी खूण आहे ती मुख्य कथा, निळं अधिकचं चिन्ह असेल तिथे काहीतरी नवीन उघडतं, ती पण कर. नुसत्या पिवळ्या उद्गारचिन्हाच्या आहेत त्या खुशाल सोड, तिथे काही बुडत नाही. आणि डंजनमध्ये शिरताना चॅटला "पहिल्यांदा आलोय, कटसीन बघणार आहे" एवढं लिही. पार्टीत पहिल्यांदा येणारा असला की रूलेटने (गेमच चिठ्ठी काढल्यासारखं डंजन निवडून देतो त्या सोयीने) आलेल्या बाकीच्यांना जादा बक्षीस मिळतं, त्यामुळे तू कोणाचा वेळ खातोस असं मनात आणू नकोस. हीलर लागला तर मला हाक मार, मी रात्री असते.