घर नाही म्हणून प्रेम तुटतं का? ‘घरौंदा’ विरुद्ध ‘मुंबईचा जावई’

खिडकीपाशी

शनिवारी रात्री ‘घरौंदा’ परत पाहिला आणि रविवारी दुपारी आईबरोबर ‘मुंबईचा जावई’. दोन्हींत एक जोडपं, दोन्हींत मुंबई आणि जागेची बोंब. पण एक चित्रपट खरं बोलतो आणि दुसरा गोड बोलून आपल्याला गप्प बसवतो, असं माझं मत झालंय. शिव्या खायची तयारी ठेवून या फोरमवर लिहितोय.

ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. राजा ठाकूरांच्या ‘मुंबईचा जावई’त (१९७०) चाळीतल्या भरल्या घरात नवी सून येते आणि नवराबायकोला दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही. बासू चटर्जींनी १९७२ मध्ये त्याचाच ‘पिया का घर’ केला. त्यात जया भादुरी-अनिल धवनच्या वाट्याला रात्रीपुरतं स्वयंपाकघर येतं.

‘घरौंदा’ १९७७ चा. सुदीप (अमोल पालेकर) मित्रांबरोबर एका खोलीत, छाया (झरीना वहाब) भावाच्या संसारात. आधी घर, मग लग्न, म्हणून पोटाला चिमटा काढून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पैसे भरतात. बिल्डर पैसे घेऊन पसार. अडवायला कायदाच नव्हता तेव्हा! मग हृदयविकार असलेला वयस्क साहेब, मोदी (डॉ. श्रीराम लागू), छायाला मागणी घालतो. आणि सुदीपच तिला लग्न कर म्हणून गळ घालतो. म्हातारा जाणार, घर-पैसा आपलाच, असा हिशेब.

सुदीप काही जन्माचा बदमाश नाही. स्क्वेअर फुटांनी त्याला तिथवर नेलं. ‘मुंबईचा जावई’त मात्र शेवटी सगळ्यांचे डोळे पाणावतात, आणि झोपायला जागा होती तेवढीच.

पोटमाळा

साफ असहमत. तुम्ही चाळ पडद्यावर पाहिलीत, मी तिच्यात वाढलो. गिरगावात, एक खोली आणि स्वयंपाकघर, माणसं नऊ.

१९७१ मध्ये काकाचं लग्न ठरलं, मी तिसरीत होतो. नव्या जोडप्याची सोय पोटमाळ्यावर. वर जायची लाकडी शिडी तिसऱ्या पायरीला असली कुरकुरायची की शेजारच्या बिऱ्हाडाला कळावं, कोण चढलं. लग्नाच्या आदल्या दिवशी आजोबा कुणाशी काही न बोलता गोडेतेलाची वाटी घेऊन बसले आणि कोंबडीचं पीस बुडवून बुडवून एकेका सांध्यात तेल सोडत राहिले. शाळामास्तर माणूस. उभ्या आयुष्यात ‘प्रेम’ हा शब्द त्यांनी घरात उच्चारला नसेल.

तुम्ही ज्याला गोड बोलून गप्प बसवणं म्हणता ते हे. वडीलधारी माणसं उकडतंय म्हणून गॅलरीत पथारी टाकायची, ती काय उकाड्याने? ‘मुंबईचा जावई’तलं ‘का रे दुरावा’ हे गाणं ऐकताना मला ती वाटी दिसते. सुदीपला आजोबा नव्हते, एवढाच फरक आहे दोन चित्रपटांत.

सायंकाळची लोकल

पोटमाळाकाका, 🙏. शिडी डोळ्यांसमोर आली.

चटईक्षेत्र

मूळ लेखकाने एक वाक्य ठोकून दिलंय, ते आधी दुरुस्त करतो. कायदा होता. ओनरशिप फ्लॅटचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा आहे, नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरने मोठी आगाऊ रक्कम घ्यायची नाही हे त्यात होतं. राबवणारं कुणी नव्हतं हे म्हणा. बिल्डरांवर लक्ष ठेवणारं महारेरा प्राधिकरण आलं ते २०१७ च्या मे महिन्यात.

आता मुद्दा. दोन्ही बाजू भावनेवर चालल्या आहेत, खरा फरक भाडेकराराचा आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. ज्याच्या आजोबांनी किंवा वडिलांनी चाळीत खोली घेऊन ठेवली त्याला ती जवळपास फुकट. नव्या माणसासाठी भाड्याने द्यायला म्हणून कोण बांधणार? त्याला पागडी (जुनी खोली मिळवायला मोजायची एकरकमी रक्कम) तरी द्यायची, नाहीतर फ्लॅट विकत घ्यायचा. ‘मुंबईचा जावई’तल्या मुलाला निदान वडिलांची खोली आहे. दाटी आहे, पण डोक्यावरचं छप्पर कुणी काढून घेत नाही. सुदीप-छायाला तीही नाही. त्यामुळे पहिल्याचा विनोद होऊ शकतो, दुसऱ्याचा होऊ शकत नाही. आजोबा असण्या-नसण्यापेक्षा आजोबांच्या नावची भाडेपावती असणं महत्त्वाचं.

पोटमाळा

भाडेपावती शिडीला तेल लावत नाही हो.

चटईक्षेत्र

पण भाडेपावतीशिवाय शिडी कुठे टेकवणार होतात?

हिरवी मिरची

काका, शिडीची गोष्ट छानच. पण त्या शिडीवरून पहाटे सगळ्यांच्या आधी खाली कोण उतरायचं? नळाला पाणी आलं की हंडे कोण भरायचं? तेल लावणारे आजोबा लक्षात राहिले, काकू तुमच्या पोस्टमध्ये नावालाही नाही.

या जातीच्या सगळ्या चित्रपटांत हेच होतं. ‘पिया का घर’मधली मालती मोकळ्या घरातून येते आणि तिने काय शिकायचं? जमवून घ्यायला. तिचा जीव गुदमरतो हे दाखवतात, मग कुटुंब किती प्रेमळ आहे हे दाखवून तिलाच ओशाळवाणं करतात.

आणि खिडकीपाशी, तुम्हीही सुदीपची वकिली करताय. स्क्वेअर फुटांनी तिथवर नेलं म्हणे! छायालाही घर नव्हतंच, तिला नाही सुचलं कुणाच्या मरणाची वाट बघायला. लग्नानंतर ती मोदींशी माणसासारखी वागते, त्यांची तब्येत सुधारते, तिचा जीव त्यांच्यात गुंततो. लागूंना या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं ते उगाच नाही. माझ्या मते ‘घरौंदा’तली प्रेमकथा छाया आणि मोदींची आहे. घर मिळाल्यावरची. सुदीपचं होतं ते संयुक्त बचत खातं.

सायंकाळची लोकल

संयुक्त बचत खातं 😂😂

त्यावरून आठवलं, ‘लव्ह पर स्क्वेअर फुट’ (२०१८) मध्ये तर उघडच तसं आहे. घराची योजना विवाहितांसाठी, म्हणून दोघं लग्नाचं ठरवतात. लक्ष्मण उतेकरांच्या ‘जरा हटके जरा बचके’त (२०२३) इंदूरचं नवराबायको सरकारी योजनेतलं घर मिळावं म्हणून घटस्फोटाचं नाटक करतात. एकीकडे घरासाठी लग्न, दुसरीकडे घरासाठी काडीमोड. दोन्ही ठीकठाक वाटले. सगळं फारच हसऱ्या चेहऱ्याने उरकतं.

खिडकीपाशी

चटईक्षेत्र, कायद्याचं मान्य, चूक माझी. भाडेपावतीचा मुद्दाही आवडला.

हिरवी मिरची, अर्धं मान्य. सुदीपला मी माफ करत नाहीये. त्याच्यासारखा हिशेब माझ्याही डोक्यात येऊन गेला असता की काय, ही भीती म्हणून झोप उडाली. ‘मुंबईचा जावई’ बघून तसं काही होत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. (अवांतर: ‘घरौंदा’चे दिग्दर्शक भीमसेन म्हणजे दूरदर्शनवरच्या ‘एक अनेक और एकता’चे ॲनिमेशनवाले. तिथे पाखरं जाळं घेऊन एकत्र उडतात. इथे एकाचा फ्लॅट बुडाला की ज्याचं त्याने बघायचं.)

पोटमाळा

हिरवी मिरची, तुमचं बोलणं लागलं म्हणून काल विरारला काकूला फोन केला. आता शहात्तर वर्षांची आहे. शिडीचं विचारलं, तर म्हणाली, त्या तेलाचा डाग लग्नाच्या शालूला लागला, तो काही गेला नाही. आजोबांबद्दल एवढंच.

मग विचारलं, ‘मुंबईचा जावई’ पाहिला होतास का गं? म्हणाली, मॅटिनीला गेलो होतो दोघं. मध्यंतरानंतर जरा वेळ बसले, पण साडेपाचला संध्याकाळचं पाणी यायचं म्हणून उठून आले. शेवट तुझ्या काकांनी घरी आल्यावर सांगितला.