गावकरी मुंबई बघायला जातात त्या जुन्या विनोदी चित्रपटाची १६ मिमी प्रिंट: जत्रेत चालवावी का?

डिचोलीकर
१९६८ सालचा कृष्णधवल चित्रपट, १६०० फुटांची तीन रिळं. डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो. तुळशीच्या लग्नानंतर देवळासमोर दाखवायचा आहे. प्रोजेक्टरला २४ व्होल्ट २५० वॉटचा दिवा, ५० मिमी लेन्स. सुट्या तुकड्यावर चाचणी घेतली तर ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

रीळपारखी
रीळ एवढ्यात प्रोजेक्टरवर चढवू नका. वास येतो म्हणजे फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया (चित्राखालची प्लॅस्टिकची पट्टी) कुजतोय, आणि कुजताना तो आकसतो. १०० चौकटी (फिल्मवरची एकेक चित्रं) काचेवर न ताणता सपाट ठेवून मोजा. मूळ लांबी ७६२ मिमी. ७५६ च्या खाली गेली असेल तर प्रोजेक्टरचे दाते फिल्मच्या कडेच्या छिद्रांत बसत नाहीत, छिद्रं फाटत जातात. प्रत्येक रिळाचं माप तीन ठिकाणी घ्या. रिळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आम्ल आतच कोंडतं आणि कूज वाढते. चांगल्या रिळांजवळही ठेवू नका. ओल्या फडक्याने तर अजिबात पुसू नका, इमल्शन (चित्राचा थर) फुगतं.

मांडवातला आवाज
आवाजाचं सांगतो. १६ मिमीमध्ये आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. आवाज मागे पडतोय म्हणजे गेटखालचा (चित्र जिथून पडद्यावर पडतं त्या खिडकीखालचा) लूप, म्हणजे फिल्मची सैल कमान, मोठी झालीय. एक चौकट कमी करून बघा, पण फिल्म ताणली जाईल इतका लहान नको. मोकळ्या मैदानात आणखी एक भानगड: आवाजाला १४ मीटर जायला जवळजवळ एका चौकटीचा वेळ लागतो. कर्णे पडद्याशी आणि लोक २८ मीटरवर असतील तर लूप बरोबर असूनही आवाज दोन चौकटी मागे. म्हणून मधल्या रांगेत उभं राहून जुळवा.

मिक्सरवर ६ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, तिथे खरखरच असते. २ ते ४ किलोहर्ट्झ जरा उचला, व्यंजनं सुटी ऐकू येतात. या चित्रपटांत हशा बोलीवर पिकतो. एक शब्द गिळला गेला की पुढची कोटी वाया.

पडदा ९ फूट रुंदच ठेवा, प्रोजेक्टर ४७ फुटांवर. त्याहून मोठा केलात तर २५० वॉट पुरत नाहीत.

डिचोलीकर
मोजलं. दोन रिळं ७५९, तिसरं ७५४.

रीळपारखी
तिसरं चालवू नका. दात्यांशिवाय फिल्म ओढणाऱ्या स्कॅनरवर तिन्ही स्कॅन करून घ्या आणि जत्रेत तेच दाखवा. स्कॅनची चौकट रुंद धरायला सांगा, नाहीतर कडेची ध्वनिपट्टी कापली जाते. १९६८ च्या चित्रपटाचे हक्क २०२८ अखेरपर्यंत राहतात, तेव्हा हक्कदाराची लेखी परवानगी आधी काढा.