मदत हवी आहे: तीन नोंदींच्या वहीत 'का'चा रकाना अडतो

स्वतःवर सतत शंका घेणाऱ्यांसाठी रोजच्या नोंदींचा सराव बसवायचा आहे. मूळ पद्धत मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासातली: आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी आणि प्रत्येकीपुढे ती का झाली ते लिहायचं.

घोडं पेंड खातं ते या 'का'पाशी. शंकेखोर माणूस तिथे 'नशीब', 'काम सोपंच होतं' असं लिहून मोकळा होतो. क्लान्स आणि आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये वर्णन केलेलं तोतयेपण (इंग्रजीत 'इम्पोस्टर फिनॉमेनन') ते हेच. यश बाहेरून आलेलं, चूक तेवढी स्वतःची! मग वही शंकेचाच पुरावा बनते.

सध्या केलेला बदल: कारणात विशेषण नको, क्रियापद हवं. 'हुशार आहे' नव्हे, तर 'मसुदा दोनदा तपासला', 'न कळलेलं विचारलं'. नशीब लिहायला हरकत नाही (ते असतंच), पण शेजारी स्वतःची एक कृती हवी. आनंद साजरा करायचा तो त्याच दिवशी, दहा मिनिटं, निदान एका माणसाला सांगून. लांबवला की पुढचं काम डोक्यावर बसतं आणि झालेलं किरकोळ वाटू लागतं.

आता विचारायचं ते असं. नोंदी कामापुरत्याच राहतात; कुणाचं नीट ऐकून घेतलं, कुणासाठी थांबलं, हे त्यात कसं आणावं, तेही गुणपत्रिका न होता? आठवड्यानंतर रोज लिहिणं यांत्रिक होतं, तेव्हा अंतर किती ठेवता? आणि अगदी वाईट दिवशी रकाना कोरा सोडू द्यावा का?